विनोदाची बोली आणि हशाची दिशा
ब्रिटिश मालिकांतील वर्ग, मराठी पडद्यावरील बोली आणि मराठवाड्याचा प्रवास

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा मुख्य विषय एका शब्दात सांगायचा झाला, तर तो 'वर्ग' असा सांगावा लागेल. कोण कोणत्या शाळेत शिकला, कोणाचे उच्चार कसे आहेत, कोण कोणासारखा दिसण्याची धडपड करतो, यांवरच तेथील अनेक गाजलेल्या मालिका उभ्या आहेत. मराठी पडद्यावरील विनोदाला हाच प्रश्न विचारला, तर उत्तर 'बोली' असे येते. या बोलीच्या आड वर्ग, जात आणि प्रदेश ही तिन्ही उभी असतात. बीड, जालना, परभणी या भागांची मराठी प्रथम हशाचा विषय ठरली आणि पुढे तिनेच हशा वसूल केला. हा बदल कसा घडला आणि तो कोठवर पोचला, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील परंपरा

१९६२ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या 'स्टेप्टो अँड सन' या मालिकेचे नायक लंडनमधील भंगारवाले बाप-लेक होते. मुलाला आपला वर्ग सोडून वर जायचे आहे आणि बाप त्याला जाऊ देत नाही, एवढ्या एका पेचावर ही मालिका १९७४ पर्यंत चालली. 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७) मध्ये बँकेचा व्यवस्थापक मेनवॉरिंग हा गृहरक्षक तुकडीचा कॅप्टन असतो, तर त्याच्याच बँकेतील दुय्यम कर्मचारी विल्सन हा सार्जंट. मात्र विल्सन बड्या घरातला, महागड्या खासगी शाळेत शिकलेला. हुद्दा एकाचा आणि रुबाब दुसऱ्याचा, ही विसंगतीच तेथे विनोदाला जन्म देते. 'फॉल्टी टॉवर्स'च्या १९७५ मधील पहिल्याच भागात हॉटेलमालक एका तोतया लॉर्डपुढे लोटांगण घालतो. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' (१९९० ते १९९५) मधील गृहिणी आपल्या 'बकेट' या आडनावाचा उच्चार 'बुके' असा करण्याचा आग्रह धरते.

या मालिकांत प्रेक्षक हसतो तो बहुधा वरच्या पायरीवर चढू पाहणाऱ्याच्या ढोंगाला. अर्थात हशाची दिशा लेखकाच्या हाती पूर्णपणे राहत नाही, हेही ब्रिटनमध्येच दिसून आले. १९६५ मध्ये प्रथम दिसलेल्या 'टिल डेथ अस डू पार्ट'मधील आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधील कामगार वंशद्वेषाने भरलेला होता. लेखक जॉनी स्पाइट हे स्वतः त्याच परिसरातील. त्यांना आल्फची खिल्ली उडवायची होती. पण प्रेक्षकांतील काहींनी आल्फलाच आपला प्रवक्ता मानले.

'ती फुलराणी'चा दुवा

ब्रिटिश वर्गविनोद मराठीत थेट आला तो रंगभूमीवरून. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये भाषातज्ज्ञ प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलून तिला उच्चभ्रूंच्या मेजवानीत खपवून दाखवतो. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे 'ती फुलराणी' हे रूपांतर केले आणि १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आले. भक्ती बर्वे यांची मंजुळा अजरामर ठरली. या रूपांतरात पु. लं.नी प्राध्यापकाचे आडनाव 'जहागीरदार' असे ठेवले, हे लक्षणीय आहे. लंडनमधील उच्चारभेदाला मराठीत नेमका पर्याय सापडला, कारण शुद्ध-अशुद्धाची उतरंड येथे आधीच तयार होती. इंग्लंडमध्ये ती प्रामुख्याने वर्गाची होती. महाराष्ट्रात ती वर्गाबरोबर जातीची व प्रदेशाचीही होती.

तमाशातला उलटा न्याय

वरच्याची टर खालच्याने उडवावी, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. तमाशातील गण, गौळण, बतावणी, वग या क्रमात बतावणी आणि वग हे हजरजबाबीपणाचे हक्काचे ठिकाण. राजा मूर्ख आणि शिपाई शहाणा, कृष्णाला अडवणारी मावशी वरचढ, पाटलाची फजिती हमखास. हे सादर करणारे कलावंत बहुतांश दलित व भटक्या समाजांतील होते. पुढे सत्यशोधक जलशांनी भटजी आणि सावकार यांना याच पद्धतीने धारेवर धरले. 'गाढवाचं लग्न' या वगात सावळ्या कुंभार थेट सत्तेशी हुज्जत घालतो. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडके १९६० च्या दशकात शहरी नाट्यगृहांत पोचले. १९७१ च्या 'सोंगाड्या'ने हा विनोद चित्रपटगृहांत नेला. गिरणगावात वाढलेल्या दादांचा भोळा नायक कामगारवर्गाने आपला मानला, तर पांढरपेशा समीक्षेने त्याला बराच काळ 'अश्लील' या एका शब्दात गुंडाळले. अभिरुचीचा वाद हा पुष्कळदा वर्गाचाच वाद असतो, याचे हे ठळक उदाहरण.

दूरदर्शनचे मध्यमवर्गीय घर

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. संच महाग, प्रक्षेपणाची कक्षा मर्यादित. त्यामुळे प्रेक्षक प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडचा आणि सुस्थित. त्याच्यासाठी आलेला विनोदही त्याच्याच दिवाणखान्यातला होता. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही सत्तरच्या दशकातील मालिका दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी घराघरांत पोचवली. पुण्यातील भित्रा कारकून आणि त्याचा धटिंगण मावसभाऊ ही जोडी मध्यमवर्गाने स्वतःकडे पाहून केलेल्या हसण्याचा उत्तम नमुना होय. पुढे खासगी वाहिन्यांच्या काळात २००१ मध्ये आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'नेही हाच सूर अधिक मायेने आळवला.

या घरात खेडूत येत असे तो गड्याच्या किंवा मोलकरणीच्या रूपाने. कोकणातून आलेला 'रामा गडी' आणि धुणेभांडी करणारी 'गंगूबाई' ही नावेच साचे बनली होती. ईटीव्ही मराठीवरील निर्मिती सावंत यांच्या 'कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक' या मालिकेच्या नावात तर शिक्षणाची इयत्ताच लिहिलेली होती. पात्राने तोंड उघडले, की 'न' आणि 'ण' यांच्या घोळावर पहिला हशा मिळे. त्याच्या बोलण्यात काय आहे, हा प्रश्न नंतरचा.

मराठवाडी बोलीचे दुहेरी अंतर

या उतरंडीत मराठवाडा आणखी एक पायरी खाली होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा पाठ्यपुस्तकांची आणि आकाशवाणीची प्रमाण मराठी पुण्या-मुंबईत ठरून गेली होती. 'काय करायलास?' असे विचारणारा विद्यार्थी पुण्याच्या वसतिगृहात थट्टेचा विषय होई. मराठीतील आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'विवेकसिंधू'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत आहे. ज्या मातीशी मराठी काव्याचा आरंभ जोडला जातो, तेथीलच बोली अशुद्ध ठरावी, हा विरोधाभास भाषेच्या शुद्धतेमागे सत्ता कशी काम करते हे सांगण्यास पुरेसा आहे.

वऱ्हाड लंडनला पोचले

या स्थितीला पहिला मोठा धक्का एका प्राध्यापकाने दिला. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग सुरू केला. मराठवाड्यातील एका खेड्यातले वऱ्हाड विमानाने लग्नासाठी लंडनला निघते, एवढेच त्याचे कथासूत्र. एक उपरणे घेऊन देशपांडे पन्नासहून अधिक पात्रे उभी करीत. या प्रयोगाची गिनेस बुकात नोंद झाली. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रयोगात खेडूत विमानतळावर गोंधळतो, त्यावर प्रेक्षक हसतो, हे खरेच. परंतु निवेदक त्या खेडुताच्याच घरातला असतो. विमानाची, साहेबाची आणि शहरी शिष्टाचारांची तपासणी खेड्याच्या नजरेने होते. गावंढळपणा आणि ढोंग यांना एकाच तराजूत घातले जाते, आणि तराजू गावाच्या हाती असतो. १९८० मध्ये आलेल्या गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण'ने मालवणीसाठी हेच केले. मच्छिंद्र कांबळी यांनी हजारो प्रयोगांतून ती बोली मुंबईच्या रंगभूमीवर मानाने नांदवली.

विद्यापीठातील नाट्यशिक्षणाचा उपयोगही येथे ध्यानात घ्यावा लागेल. मुंबईत ओळखी नसलेल्या मुलांना या विभागाने प्रशिक्षण आणि आत्मविश्वास दिला. 'वऱ्हाड'चा वारसा पुढे चालवणारे अभिनेते संदीप पाठक हे बीड जिल्ह्यातील माजलगावचे. त्यांच्यामुळे हा प्रयोग देशपांडे यांच्यानंतरच्या पिढीलाही पाहायला मिळाला.

बोली नायकाच्या तोंडी

मराठवाड्यातूनच आलेल्या मकरंद अनासपुरे यांनी पुढचे पाऊल टाकले. सुरुवातीच्या छोट्या भूमिकांनंतर २००५ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित 'कायद्याचं बोला'मध्ये ते नायक झाले. 'माय कझिन व्हिनी' या अमेरिकी चित्रपटावर बेतलेल्या या कथेत ज्याच्या बोलण्यावरून त्याची किंमत ठरवली जाते, तो वकीलच खटला जिंकतो. २००७ मध्ये 'गाढवाचं लग्न' आणि २००९ मध्ये 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' हे चित्रपट आले. पूर्वी ग्रामीण नायकही भावनेच्या प्रसंगी प्रमाण भाषेत बोलू लागे. अनासपुरे यांचा नायक हसवताना आणि रडवताना तीच बोली बोलला. तोटा असा, की यशाबरोबर तिचाही साचा बनला. मराठवाडी सूर म्हणजे विनोद, हे समीकरण इतके रुजले, की त्याच सुरात गंभीर पात्र उभे करणे अवघड झाले.

मोजणीत नसलेला प्रेक्षक

वाहिन्यांवरील बदलामागे व्यवहारही आहे. प्रेक्षकसंख्या मोजण्याची जुनी 'टॅम' यंत्रणा शहरी भागापुरती होती. बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात रोज मालिका पाहिली जात असली, तरी टीआरपीच्या आकड्यांत ते घर नव्हते. जाहिरातदारांच्या लेखी जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी कार्यक्रम तयार होत नाहीत. 'बार्क'ने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षकांची आकडेवारी द्यायला सुरुवात केली आणि खेड्याचे वजन कागदावर आले.

त्याआधीच, २०१४ मध्ये, झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले होते. त्याचे 'थुकरटवाडी' हे काल्पनिक गाव बड्या सिनेताऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावी आणि त्यांची यथेच्छ फिरकी घेई. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी तेथे थट्टा करणाऱ्याची भाषा झाली. २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने चाळ, वस्ती आणि निमशहर यांतील कलावंतांना मंच दिला. गौरव मोरे यांनी पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव लपवण्याऐवजी मिरवले. तरीही जुन्या खोडी पूर्ण गेलेल्या नाहीत. काळा रंग, जाड अंग आणि पुरुषाने नेसलेली साडी यांवरचे हुकमी हशे या कार्यक्रमांतही सापडतात.

हशाच्या बाहेर राहिलेले

बोलीला मान मिळाला. पण बोलणाऱ्या सर्वांना मिळाला का? बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नसते. या जगाला स्वतःचा तिखट विनोद आहे. मुकादमाच्या हिशेबावर, कारखान्याच्या काट्यावर आणि मतांपुरत्या येणाऱ्या पुढाऱ्यावर फडात रोज विनोद होतात. पडद्यावर मात्र हा मजूर क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी दुःखाची प्रतिमा म्हणून. विनोदी ग्रामीण पात्र बहुधा सरपंच, पुढारी किंवा उनाड तरुण असते. त्याच्याकडे निदान गावात घर व थोडी जमीन असते.

२०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' स्थापन केले आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत सुरू केली. ज्या बोलीवर महाराष्ट्र हसला, तिच्या घरातील परिस्थिती त्या निमित्ताने शहरी प्रेक्षकांपुढे आली.

ब्रिटनमध्ये भंगारवाला मालिकेचा नायक झाला, त्याला साठ वर्षे उलटली. त्याच्या दारिद्र्यावर कोणी हसले नाही. त्याच्या स्वप्नांवर आणि हट्टावर हसले, म्हणून तो माणूस वाटला. मराठी विनोदाने खेड्याची बोली स्वीकारली आहे. कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या जोडप्याला हट्ट, स्वप्ने आणि चतुराईसह पडद्यावर आणणारा लेखक बहुधा त्याच तांड्यातून यावा लागेल. साखरशाळेत शिकून पदवीपर्यंत पोचलेली पिढी आता मराठवाड्यात आहे, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला मुंबईची परवानगी लागत नाही.