साकळलेले रक्त आणि दंतशल्य

दाढ काढल्यानंतर खळखळून चूळ भरू नये, असे दंतवैद्य रोग्यास बजावतात. खळग्यात साकळलेले रक्त धुऊन गेले, तर हाड उघडे पडून असह्य ठणका लागतो. रक्ताच्या ह्या गुठळीकडे पूर्वी केवळ रक्तस्राव थांबविणारे बूच म्हणून पाहिले जाई. जखम भरून आणणाऱ्या द्रव्यांचा साठाही तिच्यातच असतो, हे ध्यानी येण्यास दीर्घ काळ जावा लागला.

इटलीतील तुरीन येथे जूलिओ बित्सोझेरो ह्या शास्त्रज्ञाने जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केले. वाहिनीस इजा होताच काही अतिसूक्ष्म कण तेथे चिकटून गोळा होत. १८८२ मध्ये त्याने वर्णिलेले हे कण म्हणजेच रक्तबिंबिका.

पुढचे मोठे पाऊल १९७४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे पडले. रसेल रॉस व त्यांचे सहकारी माकडाच्या धमनीतील स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवीत होते. गोठलेल्या रक्तातून निघालेल्या रसात त्या जोमाने वाढत. बिंबिका आधीच वगळलेल्या रसात मात्र त्यांची वाढ खुंटे. बिंबिकांतील द्रव्य त्यात मिळताच ती पुन्हा सुरू होई. रक्त गोठताना बिंबिका वृद्धिकारक घटक बाहेर टाकतात, हे ह्यावरून उघड झाले.

ह्या ज्ञानाचा जबड्याच्या शल्यक्रियेत उपयोग करून रॉबर्ट मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाठी काढताना खालच्या जबड्याचे हाड गमावलेल्या रोग्यांवरील ८८ अस्थिरोपणांचा तो अभ्यास होता. ज्या रोपणांत रोग्याच्याच रक्तातील बिंबिकांचे दाट द्रावण मिसळले होते, त्यांतील हाड क्ष-किरण चित्रांत दीड पटीहून अधिक वेगाने पक्व होताना दिसले. परंतु ह्या रीतीत रक्त गोठू नये म्हणून आधी औषध घालावे लागे, आणि मग ते गोठावे म्हणून गुरांच्या रक्तातील थ्रॉम्बिन वापरावे लागे.

फ्रान्समधील जोसेफ शूक्रून ह्यांनी २००१ मध्ये ही दोन्ही द्रव्ये वगळली. काढलेले रक्त लगेच यंत्रात वेगाने फिरविले, की काही मिनिटांतच तांबड्या पेशी तळाशी बसतात व त्यांच्यावर फायब्रिनचा जाळीदार, बिंबिकांनी भरलेला गोळा जमतो. तो दाबून त्याचा पडदा करतात व जखमेत ठेवतात. त्यातून वृद्धिकारक घटक कित्येक दिवस हळूहळू झिरपत राहतात.

पुढील परीक्षणांत हिरडी लवकर भरते व ठणका कमी होतो, असे पुष्कळदा आढळले. नव्या हाडाविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. यंत्राचा वेग, फिरविण्याचा काळ आणि रोग्याची प्रकृती ह्यांनुसार फळ बदलते. म्हणून हा उपाय रामबाण नव्हे. गेलेले हाड परत येईल ह्या आशेने आलेल्या रोग्यास हे आधीच समजावून सांगणे, हा चिकित्सकाच्या कर्तव्याचाच भाग होय.