कंपोस्टमधील ओलावा (घरगुती)

कंपोस्टमधील ओलावा (घरगुती) : कुजणाऱ्या कचऱ्याच्या एकूण वजनातील पाण्याचा वाटा. तो ५० ते ६० टक्के असताना कुजणे जोमाने चालते. सूक्ष्मजीव कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात वाढतात. त्यामुळे ४० टक्क्यांखाली काम मंदावते आणि ढिगात मुंग्या घर करतात. ६५ टक्क्यांपुढे कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पसरत असल्याने ढीग घुसमटतो, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तळाशी काळपट पाणी साचते.

ॲल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या कंपोस्टच्या इंदूर पद्धतीत शेतातला वाळका काडीकचरा भिजवणे हे मोठे काम होते. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या खताच्या नाडेप टाक्यालाही वरून शेणमातीचा लेप देतात, तो ओल टिकावी म्हणून. शहरी घरातल्या कंपोस्टच्या ड्रमचे दुखणे नेमके उलटे. भाजीची देठे आणि फळांच्या साली यांत ८० ते ९० टक्के पाणी असतेच.

अचूक मोजणीसाठी नमुना १०५° सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. १०० ग्रॅमचे ४२ ग्रॅम उरले, तर ओलावा ५८ टक्के. घरी मूठ पुरते. ढिगाच्या मधून घेतलेले मूठभर खत घट्ट दाबावे : बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच गोळा विखुरला तर कमी. वरचा थर तपासू नये, तो बहुधा कोरडा असतो. बाजारातल्या स्वस्त दोन-सळ्यांच्या मापकावर विसंबू नये; तो विद्युतवहन मोजतो आणि खतातल्या क्षारांनी फसतो.

पाणी जास्त असेल तर कोरडा पाला मिसळतात. ८५ टक्के पाण्याचा १ किलो कचरा ६० टक्क्यांवर आणायला १५ टक्के ओलाव्याचा सुमारे ५५० ग्रॅम पालापाचोळा लागतो. आकारमानाने तो कचऱ्याहून बराच जास्त भरतो. वर चिमूटभर पाला भुरभुरवून काहीच साधत नाही. पाल्याऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालतो. त्याची वीट कुंडीसाठी भिजवतात. इथे मात्र ती कोरडीच फोडून घालावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कोरडा पाला मिळणे मुश्कील, म्हणून शिशिरातली पानगळ पोत्यांत भरून ठेवलेली बरी. कोरड्या ढिगावर मात्र नुसते वरून पाणी ओतू नये, ते कडेने निसटते. खालीवर करत झारीने शिंपडावे.

तयार खत चाळण्याआधी सावलीत सुकवतात. भारताच्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रीच्या शहरी कंपोस्टमध्ये १५ ते २५ टक्के ओलावा असावा लागतो.