नवं शहर पाहायला जावं का?

दिवाळी-मे महिन्यात मुंबईबाहेरचे नातेवाईक आले की एक दिवस 'काहीतरी दाखवण्यात' जातो. मग घरात वाद. नवी मुंबईचं नाव काढलं की हमखास ऐकू येतं, "तिथे काय आहे? मॉल तर सगळीकडेच आहेत." आणि म्युझियम म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात. मंडळी, या दोन्ही ठिकाणांची बाजू मला घ्यायची आहे.

जुनं ते पाहण्यासारखं आणि नवं ते नुसतं राहण्यासारखं, असं आपण धरून चालतो. पण नव्या शहराचाही इतिहास असतो, आणि तो सांगणारी माणसं अजून हयात असतात.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, रेल्वे मात्र १९९२ मध्ये खाडी ओलांडून गेली. कागदावर सगळं छान होतं. पण जमीन रिकामी नव्हती. तिथे ९५ गावं होती, आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, तिच्यामागे हे रक्त आहे. २०२१ मध्ये नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले ते उगीच नाही.

आम्हा भिवंडीकरांनी तर हे पाहायलाच हवं. कारण आमच्याकडेही भातशेतीवर नवं शहर उठलंच की! पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर या बाजूला जिकडेतिकडे गोदामं. मुंबईची जकात चुकवून माल हद्दीबाहेर ठेवायची सोय, हे त्याचं एक मोठं कारण. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामं राहिली. फरक एवढाच की आमच्यासाठी कुणा कोरियांनी नकाशा काढला नव्हता.

तेव्हा मॉल सोडा आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. कोरियांनीच १९८० च्या दशकात आखलेलं. एकेका लहान अंगणाभोवती सात घरं, भिंत कुणाची कुणाला लागून नाही, म्हणजे ज्याला ऐपत येईल त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलंय की मूळ घर शोधावं लागतं! मला ते आवडतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाता येतं.

आता म्युझियम. नव्यांपैकी २०१९ मध्ये पेडर रोडला उघडलेलं सिनेमाचं संग्रहालय मुलांना रमवेल. पण एकच निवडायचं तर फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. आपल्या भिवंडी रोड स्टेशनातून वसईला जाणाऱ्या गाडीने गेलं की पुढचंच स्टेशन. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना तो मिळाला. तो आठव्या लेखाचा तुकडा, आणि गंमत म्हणजे त्या लेखाचा विषयच प्रवास आहे. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला हिंडत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, लोकांना भेटणं, वृद्धांना दान देणं, असं त्यात येतं.

मुलांना त्या दगडासमोर फार वेळ उभं करू नये. पाच मिनिटं पुरतात. मग खाली बागेत डबा उघडावा.