वडाखालचा थांबा

आमच्या तिठ्यावरचा वड तोडला तेव्हा गावात कोणी फारसं बोललं नाही. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होणार हे खारेपाटणपासून झारापपर्यंत सगळ्यांना ठाऊकच होतं. कासार्डे, नांदगाव, कणकवली, कसाल, ओरोस, कुडाळ, सगळीकडे रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, चहाच्या टपऱ्या मागे सरकल्या. रस्ता हवाही होता. जुन्या अरुंद वळणांवर कोणाचं ना कोणाचं माणूस गेलेलं आहे. पण वडाबरोबर एसटीचा थांबाही उचलला गेला आणि पार पुढे, पुलाच्या तोंडाशी नेऊन ठेवला, तेव्हा म्हातारी माणसं हलली. आमच्या वाडीतल्या एक काकी जन्मात कधी ग्रामसभेत बोलल्या नव्हत्या. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबो तुमी हलवलात, आता माझे पाय कोण हलवतलो?"

सभा गप्प झाली. मला मात्र आजीची आठवण झाली. मालवणात धुरीवाड्यावर माझं आजोळ. आजीच्या लहानपणी मुंबईला जायचं ते बोटीने. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी किनाऱ्याने बंदरं घेत घेत यायच्या. मालवणच्या बंदरात खडक फार, म्हणून बोट बाहेर उभी राहायची आणि होडीतून उतारू तिच्यापर्यंत न्यायचे. वारा फिरला की वेळ चुकायची. मग अख्खी रात्र धक्क्यावर. आजी सांगायची, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांची किसमूर फडक्यात बांधलेली असायची. शेजारी बसलेल्याला दिल्याशिवाय आपण खायचं नाही, असा तिथला रिवाज. बोट दिसायला लागली की पोरं ओरडायची, आणि निरोप द्यायला आलेल्या बायकांचे डोळे तेवढ्यात भरायचे. आजीच्या एका काकाची मुंबईची नोकरी बोट चुकल्यामुळे गेली म्हणतात. आजोबांच्या मते ती त्याच्या आळसामुळे गेली. खरं काय ते दोघांबरोबर गेलं.

पावसाळ्यात बोटी बंद. मग घाट चढून कोल्हापूर गाठायचं. त्यासाठी सर्व्हिस मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्याच मोटारी मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. आजोबा फोंडाघाटाची गोष्ट सांगताना अजून दम लागल्यासारखे थांबायचे. त्यांनी खरंच ढकललं की दुसऱ्याचं ऐकून सांगायचे, कोण जाणे. पण त्या भट्टीच्या धुराचा वास मात्र ते नेमका सांगायचे.

मग १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. ती आमच्या मार्गावरची बोट नव्हती, तरी मालवणात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत असं आजी म्हणायची. त्यानंतर घरातल्या बायका समुद्रावरून जायला राजी होईनात.

पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ला, पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. आमच्या गावात ती कधी पोचली यावर माझे वडिलांकडचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ शेवटपर्यंत भांडले. एकाच्या हिशेबाने थोरल्या आत्याचं लग्न झालं त्या साली, दुसऱ्याच्या हिशेबाने आंबा अजिबात धरला नव्हता त्या साली. पण गाडी वडाखाली का थांबायला लागली यावर दोघांचं एकमत होतं. वडाच्या मागे बाव होती. इथवर येईतो इंजिन तापलेलं असायचं. ड्रायव्हर गाडी सावलीत घेऊन कळशीभर पाणी मागायचा, आणि तेवढ्या वेळात माणसं चढायची. पुढे कधीतरी पाटी लागली. पाटी लावणाऱ्यांनी जागा शोधली नाही, माणसं उभी होती तिथेच खांब पुरला.

वडाला चिऱ्यांचा पार होता. सकाळच्या गाडीला मसुऱ्याकडे माहेर असलेल्या बायका, कॉलेजची पोरं, ओरोसच्या सरकारी दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं. नंबर लावायला कोणी उभं राहत नसे. पारावर पिशवी ठेवली की नंबर लागला. मासे घेऊन मालवणहून आलेली नुस्तेकारीण टोपली उतरून बसायची आणि गाडी येईतो अर्धे बांगडे तिथेच खपायचे. वरच्या वळणावर ड्रायव्हर दोनदा हॉर्न द्यायचा. तो ऐकला की काकी चुलीवरची पेज उतरून, पायांत चपला घालून, देवाला हात जोडून निघायच्या, तरी त्यांना गाडी मिळायची. ड्रायव्हरला माहीत असायचं कोण यायचं राहिलंय ते.

वस्तीच्या गाडीचं तर वेगळंच. रात्री शेवटची गाडी येऊन मुक्कामाला राहायची, पहाटे सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत निजायचे. आमच्या घरून त्यांना उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी जायची, गणपतीत खीर, दिवाळीत पोहे. आईने याचे कधी पैसे घेतले नाहीत. माझा भाऊ कणकवलीला शिकायला होता तेव्हा त्याचा डबा याच गाडीने जायचा. अॅल्युमिनियमचा तीन खणांचा डबा, वर जुन्या पातळाच्या काठाची गाठ. कंडक्टर तो आपल्या तिकिटाच्या पेटीशेजारी ठेवायचा. संध्याकाळी रिकामा डबा परत. एकदा डब्यात भावाची चिठ्ठी नव्हती, कंडक्टरचीच होती: आज झील जेवलो नाय, ताप असा, औषध दिलंय. आईने ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती.

पुढे बरंच बदललं. आमचा जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कचेरीचं काम म्हणजे थेट रत्नागिरी. बॅरिस्टर नाथ पै यांनी ज्या कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, ती मुंबईपासून मंगळुरूपर्यंत सलग धावायला १९९८ उजाडलं. रेल्वे आली, पण स्टेशनापासून गावापर्यंत एसटीच लागते. २०२१च्या दिवाळीत सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा सहा आसनी रिक्षांनी वाटेल ते पैसे घेतले आणि कित्येक म्हाताऱ्यांनी बीपीच्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून घेतल्या. संप करणाऱ्यांवर आमचा राग नव्हता. ती आमच्याच पडवीत जेवलेली माणसं.

आता नव्या थांब्याची गोष्ट. गाव रस्त्याच्या पश्चिमेला. कणकवलीकडे जाणारी गाडी गावाच्या बाजूला थांबते. ओरोस-कुडाळकडे जायचं तर चार पदर आणि मधला दुभाजक ओलांडून पूर्वेला जावं लागतं. दवाखाना ओरोसला, म्हणजे ओलांडायची वेळ नेमकी आजारी माणसावर. दुभाजकातली वाट थांब्यापासून लांब. तिथवर चालत जाणं होत नाही म्हणून बायका पिशवी आधी पलीकडे टाकतात आणि मग स्वतः दुभाजकावर चढतात. मी काकींना हात दिलाय, त्यांचा हात थरथरत होता. पलीकडची शेड पत्र्याची, तोंड रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला. आमचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, हे इथल्या चौथीतल्या पोराला माहीत आहे. आषाढात त्या शेडमध्ये बसलेला माणूस उघड्यावर उभ्या असलेल्याइतकाच भिजतो. चैत्रात दुपारनंतरचं ऊन थेट बाकावर.

पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२पासून एसटी मोफत आहे, बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट. चांगली सवलत आहे, काकींना तिचं फार कौतुक. पण ज्यांच्यासाठी ती केली त्यांनाच गाडीपर्यंत पोचता येईना. काकी आता महिन्यातून एकदाच दवाखान्यात जातात, तेही कोणी मोटारसायकलवर सोडलं तर.

वड परत मागायला आम्ही गेलो नाही, तो आता येणार नाही. महामार्गही कोणाला मागे न्यायचा नाही. मागणं एवढंच आहे: गाड्यांनी सर्व्हिस रोडवर उतरून जुन्या तिठ्यावर विनंती थांबा घ्यावा, खालून जायला बॉक्सवेल व्हावा, तो होईपर्यंत दुभाजकातली वाट थांब्यासमोर असावी, आणि पूर्वेच्या शेडला पश्चिमेकडून आडोसा असावा. ग्रामसभेने तसा ठराव केला आहे. काकींनी त्यावर अंगठा न देता सही केली, रात्रशाळेत शिकलेली.

तुमच्या गावात रस्त्याची मोजणी चालू असेल तर आजच घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. गाडी कुठे थांबते, का थांबते, पाऊस कुठून लागतो, हे विचारून घ्या आणि खुंट्या ठोकल्या जाण्याआधी ठरावात लिहून द्या.