भोकरदन, हस्तिदंत आणि इंग्रजी शब्दांची मुळं

आपल्याकडची मुलं इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ घोकून पाठ करतात. आम्हीही तसेच शिकलो. पण शब्द फोडून कसा बघायचा, हे भोकरदनच्या इतिहासातूनही शिकता येतं. कसं, ते आज पाहू.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. डॉ. देव आणि डॉ. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आणि स्त्रीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य आहे.

आता ‘हस्तिदंत’ शब्द घ्या. दंत म्हणजे दात. पाँपेईच्या लोकांची भाषा लॅटिन. तिच्यातही दाताचं मूळ ‘डेंट’. हा योगायोग नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं.

इंग्रजीनं लॅटिनचं हे मूळ घेतलं. त्याला ‘अल’ प्रत्यय लागला की ‘डेंटल’ हे विशेषण होतं, ‘इस्ट’ लागला की ‘डेंटिस्ट’ हे नाम. आपणही ‘दंत’ला ‘य’ लावून ‘दंत्य’ विशेषण करतोच की! कचेरीतला ‘इंडेंट’सुद्धा याच दाताचा, जुने करार दातेरी कापून दोन पक्षांत वाटत. वापर मात्र सोपा: आपला ‘चांगला’ मुलीपुढे ‘चांगली’ होतो, इंग्रजी विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही.

पण सावध! ‘स्टुडंट’मध्ये दात शोधू नका. तिथं मूळ ‘स्टुड’ आणि प्रत्यय ‘अंट’. चुकीच्या जागी फोडलं की अर्थ हरवतो. आपल्या गावाचंच बघा. ‘भोकरदन’ ऐकून भोकराचं झाड आठवतं. पण सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत हे गाव ‘भोगवढन’ म्हणून येतं, म्हणजे भोगवर्धन. ‘वृध्’ धातू, ‘अन’ प्रत्यय: समृद्धी वाढवणारं गाव. सांचीचे ते लेख नसते, तर आपण भोकराखालीच बसून राहिलो असतो.

म्हणून मुलांना सांगू या: शब्द फोडा, पण पुरावा पाहून फोडा. इंग्रजीची अर्धी किल्ली त्यांच्या तोंडात आधीच आहे.