मौन म्हणजे मरण

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील भिंतींवर १९८७ च्या प्रारंभी रातोरात एक भित्तिपत्रक झळकले. पार्श्वभूमी संपूर्ण काळी, मध्ये गुलाबी त्रिकोण, आणि खाली ठळक पांढऱ्या अक्षरांत दोन इंग्रजी शब्द. त्यांच्यामध्ये गणितातील बरोबरीचे चिन्ह. अर्थ एवढाच, की मौन म्हणजे मरण. मौनाला सद्गुण मानणाऱ्या सुभाषितांवर वाढलेल्या मनाला हे समीकरण विलक्षणच वाटावे! कोड्यात पडलेला वाटसरू जवळ जाई, तेव्हा तळाच्या बारीक मजकुरात त्याला प्रश्न भेटे: एड्सविषयी राष्ट्राध्यक्ष रीगन गप्प का?

थुंकू नका, देवी टोचून घ्या, असे सरकारने प्रजेला सांगावे, ही आरोग्यविषयक भित्तिपत्रकांची जुनी रीत. येथे प्रजाच सरकारला जाब विचारीत होती, आणि तिला तसे सबळ कारणही होते. या रोगाचा पहिला शासकीय वृत्तान्त ५ जून १९८१ चा, लॉस एंजेलिसमधील ५ तरुणांविषयीचा. पुढे हजारो माणसे दगावली. परंतु रीगन यांचे या विषयावरील पहिले मोठे भाषण झाले ते ३१ मे १९८७ रोजी.

हे भित्तिपत्रक ॲव्हरम फिंकेलस्टाइन आदी ६ मित्रांनी सिद्ध केले. त्यांतील कित्येकांचा व्यवसायच मांडणीकलेचा होता. एड्सच्या रुग्णांना गोंदवावे, अशी सूचना विल्यम बक्ली या लेखकाने १९८६ मध्ये वृत्तपत्रातून केली होती. तिने हे मित्र संतप्त झाले. गोंदलेल्या देहाचेच चित्र द्यावे, असे प्रथम त्यांच्या मनात आले. पण देह कोणाचा दाखवावयाचा? गोरा की काळा, पुरुषाचा की स्त्रीचा? एकाचे चित्र काढले की बाकीचे वगळले जाणार. म्हणून त्रिकोण आला. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांना असाच गुलाबी त्रिकोण लावीत. त्याचे टोक खाली असे, येथे ते वर आहे.

मार्च १९८७ मध्येच ‘ॲक्ट अप’ ही संघटना स्थापन झाली. एझेडटी या औषधाचा वर्षाचा खर्च तेव्हा सुमारे १०,००० डॉलर होता. संघटनेचे पहिले निदर्शन २४ मार्चला वॉल स्ट्रीटवर झाले. लवकरच तो त्रिकोण तिच्या मोर्च्यांतील फलकांवर आला. पुढे तिच्यातूनच निघालेल्या ‘ग्रॅन फ्यूरी’ या कलावंतमंडळाने १९८९ मध्ये बसगाड्यांसाठी एक फलक केला. त्यावर चुंबन घेणारी ३ जोडपी होती. चुंबनाने मरण येत नाही, ते लोभाने व बेपर्वाईने येते, असा मजकूर होता. शिकागोत १९९० मध्ये हा फलक लागला, तेव्हा काही दिवसांतच त्याला काळे फासण्यात आले.