संत्र्यांच्या पेट्या आणि प्रजासत्ताकाचे साम्राज्य

१/
नोव्हेंबर १९००. पोर्तो रिको बेटावरील सान हुआन बंदरातून आलेली संत्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. जकात अधिकाऱ्याने शुल्क मागितले : ६५९ डॉलर ३५ सेंट. व्यापाऱ्याने ते भरले, पण निषेध नोंदवून. त्याचा प्रश्न साधा होता. पोर्तो रिको दोन वर्षांपासून अमेरिकेच्या ताब्यात आहे; मग अमेरिकेतून अमेरिकेत आलेल्या मालावर आयातशुल्क कसले?

२/
हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ मे १९०१ रोजी त्यावर जो निकाल लागला, त्याच्या छायेत आजही पस्तीस लाखांच्या आसपास माणसे जगत आहेत. अमेरिकी साम्राज्यवाद म्हटले की आपल्याला युद्धनौका आठवतात. युद्धनौकांनी बेटे जिंकली हे खरेच. पण प्रजासत्ताक म्हणवून घेत ती बेटे राखण्याची सोय केली ती एका कायदेशीर सूत्राने. हा धागा त्या सूत्राच्या जन्माविषयी आहे. सुरुवात थोडी मागून करू.

३/
विस्तार अमेरिकेला नवा नव्हता. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतले, १८४८ मध्ये मेक्सिकोचा उत्तर भाग युद्धाने मिळवला, १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरांना घेतले. या विस्ताराला मात्र एक नियम होता. १७८७च्या वायव्य प्रदेश अध्यादेशाने ठरवून दिले होते की नवा प्रदेश प्रथम केंद्राच्या देखरेखीखाली राहील आणि पुरेशी वस्ती झाली की जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघराज्यात येईल. जिंकलेली भूमी म्हणजे उद्याचे राज्य.

४/
या उदार नियमाच्या पोटात एक न लिहिलेली अट होती. येणारी वस्ती गोऱ्यांची असेल, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ जमातींना हटवले जाईल, हे गृहीत होते. जोवर पश्चिमेला सरकत राहता येत होते तोवर स्वातंत्र्याची भाषा आणि भूमीची भूक यांच्यातला विरोध झाकला गेला. १८९०च्या जनगणनेने मात्र नोंदवले की वस्तीची सलग सीमारेषा आता उरलेली नाही. आता पुढे समुद्र होता.

५/
त्याच वर्षी नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहन यांचा सागरी सत्तेच्या इतिहासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राष्ट्राची थोरवी व्यापारी जहाजांवर, त्यांचे रक्षण करणाऱ्या आरमारावर आणि कोळसा भरून घेण्याच्या नाक्यांवर उभी असते, हा त्याचा मथितार्थ. १८९३ मध्ये मोठी मंदी आली. देशात न खपणारा माल चीनच्या बाजारात खपेल, अशी आशा कारखानदारांना वाटू लागली. पॅसिफिकमधली बेटे आता नकाशावरचे ठिपके राहिली नाहीत. त्या पायऱ्या झाल्या.

६/
पहिली पायरी हवाई. तिथले उसाचे मळे अमेरिकी वंशाच्या मळेवाल्यांच्या हाती होते. १८९०च्या अमेरिकी करकायद्याने हवाईच्या साखरेची सवलत निरर्थक झाली आणि मळेवाल्यांना विलीनीकरण फायद्याचे वाटू लागले. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी नव्या संविधानाने राजपदाचे अधिकार परत मिळवू पाहत होती. मळेवाले आणि त्यांचे साथीदार उठले, ‘बॉस्टन’ युद्धनौकेवरचे दीडशेहून अधिक सैनिक होनोलुलूत उतरले आणि राणी पदच्युत झाली.

७/
राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करवली, अन्याय झाल्याचे काँग्रेसपुढे मान्य केले आणि विलीनीकरणाचा तह मागे घेतला. १८९७ मध्ये नवा तह पुढे आला, तेव्हा हवाईच्या लोकांनी एकवीस हजारांहून अधिक सह्यांचा विरोधी अर्ज वॉशिंग्टनला पाठवला. मूळ हवाईवासीयांची संख्या तेव्हा सुमारे चाळीस हजार होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या सह्यांचे वजन कळते. तहाला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते मिळेनात. मग जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने हवाई खालसा झाले. एवढी घाई का? कारण एव्हाना युद्ध पेटले होते.

८/
स्पेनविरुद्ध क्यूबा १८९५ पासून लढत होता. स्पॅनिश सेनानी वेयलर याने खेड्यांतली माणसे तटबंद छावण्यांत कोंडली. तिथे उपासमारीने आणि रोगराईने असंख्य मेले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून अधिक नाविक गेले. स्फोटाचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, पण वृत्तपत्रांनी स्पेनला दोषी ठरवून टाकले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. त्याच वेळी टेलर दुरुस्तीने काँग्रेसने ग्वाही दिली की क्यूबा आम्ही गिळंकृत करणार नाही.

९/
ग्वाही क्यूबापुरती होती. फिलिपिन्स, ग्वाम, पोर्तो रिको यांचे नाव तीत नव्हते. १ मे रोजी कमोडोर ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवले. जूनमध्ये ‘चार्ल्स्टन’ युद्धनौकेने ग्वामवर तोफा डागल्या. युद्धाची वार्ताच न पोहोचलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली. परतसलामीला दारूगोळा नाही म्हणून ते दिलगिरी व्यक्त करायला नौकेवर आले, तेव्हा आपण शत्रूच्या हाती सापडलो आहोत हे त्यांना कळले.

१०/
फिलिपिन्समधली हकीकत इतकी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिथला क्रांतिनेता एमिलिओ आगिनाल्दो याला हाँगकाँगहून परत आणले ते अमेरिकी जहाजानेच. १२ जून १८९८ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केले. फिलिपिनो सैन्याने मनिलाला वेढा घातला होता. पण १३ ऑगस्टला स्पॅनिश आणि अमेरिकी सेनापतींनी आधी संगनमत करून लुटुपुटीची लढाई केली आणि शहर अमेरिकेच्या स्वाधीन झाले. ज्यांनी वेढा घातला त्यांनाच वेशीबाहेर ठेवण्यात आले.

११/
१० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह झाला. फिलिपिन्ससाठी अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. फिलिपिनो दूत फेलिपे अगोन्सियो यांना बोलण्यांत प्रवेशच मिळाला नाही. या तहातले नववे कलम अभ्यासकांनी अधोरेखित करावे असे आहे. लुईझियाना, मेक्सिको, अलास्का या तिन्ही तहांत रहिवाशांना नागरिकत्वाचे आश्वासन होते. अलास्कात मूळ जमाती वगळून का होईना, पण होते. पॅरिसच्या तहाने म्हटले की मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा काँग्रेस ठरवील. शतकभराचा पायंडा एका वाक्यात मोडला.

१२/
देशात विरोध झाला नाही असे नाही. नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यवादविरोधी संघ स्थापन झाला. मार्क ट्वेन, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, कामगारनेते सॅम्युअल गॉम्पर्स अशी एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे त्यात होती. मात्र या विरोधाचे उदात्तीकरण टाळायला हवे. ‘परक्यांवर राज्य करणे हा प्रजासत्ताकाशी द्रोह आहे’ असे म्हणणारे त्यात होते, तसे ‘हे सावळे लोक आमचे नागरिक नकोत’ असे म्हणणारेही होते.

१३/
समर्थकांच्या मदतीला आले रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत अध्यापक. फेब्रुवारी १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ या आशयाची कविता आपण बहुधा हिंदुस्थानविषयी समजतो. तिचे उपशीर्षक मात्र अमेरिका आणि फिलिपिन्स बेटांविषयी आहे. ६ फेब्रुवारीला सिनेटने तह ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. आवश्यक दोनतृतीयांशांपेक्षा अवघे एक मत अधिक. दोनच दिवस आधी मनिलाबाहेर अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्यांत गोळीबार सुरू झाला होता.

१४/
त्या युद्धात ४,२००हून अधिक अमेरिकी आणि वीस हजारांहून अधिक फिलिपिनो सैनिक मेले. हिंसा, दुष्काळ आणि पटकी यांत गेलेल्या सामान्य माणसांचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो. वेयलरच्या ज्या छावण्यांविरुद्ध अमेरिकेने शस्त्र उचलले होते, तशाच छावण्या तिने बातांगासमध्ये उभारल्या. १९०१ मध्ये बालांगिगा गावात ४८ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरील सर्वांना ठार करण्याचा हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने त्याला केवळ समज दिली. त्या गावच्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या होत्या. त्या २०१८ मध्ये परत आल्या.

१५/
आता पुन्हा पोर्तो रिको. २५ जुलै १८९८ रोजी अमेरिकी फौज तिथे उतरली तेव्हा बेटाला स्पेनकडून स्वायत्ततेची सनद मिळून वर्षही झाले नव्हते. स्पेनच्या संसदेत तिथले प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासह बसत. १९००च्या फोरेकर कायद्याने अमेरिकेने बेटाला काय दिले? राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला गव्हर्नर, मर्यादित अधिकारांचे विधिमंडळ आणि मुख्य भूमीशी होणाऱ्या व्यापारावर नेहमीच्या दराच्या पंधरा टक्के जकात. संत्र्यांवर पडली ती हीच.

१६/
संविधान सांगते की शुल्क सर्व संयुक्त संस्थानांत एकसारखे असावे. म्हणून प्रश्न उरला एकच : पोर्तो रिको ‘संयुक्त संस्थानां’त मोडते का? पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, नाही. बहुमतातल्या पाच न्यायाधीशांचे कारणांवर एकमत नव्हते. त्यांपैकी न्यायमूर्ती व्हाइट यांची मांडणी पुढे टिकली. हार्वर्डचे लॉरेन्स लॉवेल यांनी १८९९ मध्ये सुचवलेल्या तोडग्याशी ती जुळणारी होती. तिचा सारांश असा : हे बेट परराष्ट्र नाही, अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण ते अमेरिकेचा भागही नाही. काँग्रेस त्याला सामावून घेईपर्यंत संविधानातले काही मूलभूत हक्कच तिथे लागू होतील.

१७/
हेच ते सूत्र. मालकी आहे, सदस्यत्व नाही. ‘भावी राज्य’ आणि ‘परराष्ट्र’ यांच्यामध्ये एक तिसरी खोली बांधली गेली आणि तिला बाहेर पडण्याची मुदत नव्हती. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मतात बजावले की वसाहती बाळगून त्यांवर मनमानी राज्य करणे या संविधानाच्या शब्दांत बसत नाही, आत्म्यातही बसत नाही.

१८/
निकालपत्र वाचून दाखवणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन कोण होते? १८९६ मध्ये ‘प्लेसी’ खटल्यात कृष्णवर्णीयांना वेगळे पण समान डबे चालतील, असा निर्णय लिहिणारे तेच. तिथे एकटे विरोध करणारे पुन्हा हार्लनच. नव्या प्रदेशांतले लोक वंशाने, धर्माने, रीतीने वेगळे आहेत, तेव्हा आपली शासनतत्त्वे त्यांना तूर्त लागू करणे अशक्य ठरू शकते, हा ब्राऊन यांचा युक्तिवाद होता. घरातली दुय्यमता आणि समुद्रापलीकडची दुय्यमता एकाच लेखणीतून उतरल्या.

१९/
जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सज्जनांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. ती कृतज्ञता अस्थानी नव्हती. मुक्ती आणि समान नागरिकत्व यांसाठी त्या देशाने नुकतेच प्रचंड रक्त सांडले होते. पण पुढल्या तीस वर्षांत त्याच देशाने त्या प्रतिज्ञेतून हळूहळू पाय मागे घेतला. १९०१चा निकाल समजून घ्यायचा तर ही माघार बाजूला ठेवून चालत नाही.

२०/
पुढे काय झाले? फिलिपिन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाले. हवाई १९५९ मध्ये राज्य झाले. राणीला पदच्युत करण्यातल्या सहभागाबद्दल काँग्रेसने १९९३ मध्ये ठरावाने माफी मागितली. क्यूबाला न गिळण्याची ग्वाही पाळली गेली, पण १९०१च्या प्लॅट दुरुस्तीने हस्तक्षेपाचा हक्क राखला. ग्वांतानामोचा तळ त्यातूनच आला. पोर्तो रिको मात्र त्या तिसऱ्या खोलीतच राहिले.

२१/
१९१७ मध्ये पोर्तो रिकोवासीयांना नागरिकत्व मिळाले. पण बेटावर राहणाऱ्यांना आजही राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही, आणि प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला विधेयक संमत करताना मत नाही. न्यूयॉर्कला घर केले की तोच माणूस मतदार होतो, परतला की हक्क जातो. अमेरिकन सामोआत जन्मलेली व्यक्ती तर केवळ ‘राष्ट्रीय’ असते, नागरिक नसते. २०२२ मध्ये पोर्तो रिकोत राहायला गेलेल्या एका अपंग नागरिकाला केंद्राचा निर्वाहभत्ता नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिले की १९०१चे ते निकाल वांशिक पूर्वग्रहांवर उभे आहेत आणि ते रद्दबातल व्हायला हवेत. अद्याप ते रद्द झालेले नाहीत.

२२/
इतिहासाच्या वर्गात साम्राज्ये आपण लढायांच्या सनावळीने शिकतो. लढाई संपते, तहावर सह्या होतात, पान उलटते. पण साम्राज्य टिकते ते नंतरच्या कागदांत : जकातीच्या पावतीत, नागरिकत्वाच्या व्याख्येत, मतदारयादीत कोणाचे नाव नाही यात. ६५९ डॉलर ३५ सेंट परत मिळाले नाहीत. त्या व्यापाऱ्याचा प्रश्न अजून धक्क्यावरच पडून आहे.

धागा इथे संपतो. फिलिपिन्स युद्धाविषयी स्वतंत्र धागा हवा असल्यास कळवा. चूक आढळल्यास आधारासह अवश्य दाखवा.